सतरावे पान

१

सकाळी सव्वानऊ वाजता समुपदेशन कक्षातल्या पोलादी कपाटाचे दार उघडले, तेव्हा वरच्या फळीवर धुळीत उमटलेला एक आयत तेवढा शिल्लक होता. लांबी साडेतेरा इंच, रुंदी साडेआठ. रजिस्टर नव्हते.

ही मापे फोरमननी घेतली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या यंत्रदुरुस्ती कार्यशाळेचे ते एकतीस वर्षे प्रमुख होते. आधी मोजायचे आणि मग बोलायचे, ही तंत्रनिकेतनात लागलेली सवय त्यांनी इतकी मनावर घेतली होती, की चहात साखर किती घालू असे विचारले तर बाबा आधी चमच्याचे माप विचारतात, अशी त्यांच्या सूनबाईंची कायमची तक्रार होती.

"कुलूप बिघडलंय म्हणून बोलावलंत, ताई," ते म्हणाले, "पण कुलपाला काही झालेलं नाही. ओरखडासुद्धा नाही."

"बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं," ताई म्हणाल्या.

ताई म्हणजे महाविद्यालयाच्या समुपदेशक. वयाने फोरमनपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण साऱ्या महाविद्यालयाच्या ताई. एरवी शांत असणाऱ्या या बाईंचा आवाज आज कापत होता.

"रजिस्टरात नावं आहेत का मुलांची?"

"एकही नाही. पहिल्यांदा येणारं मूल दाराबाहेरच्या खोक्यातून एक बिल्ला उचलतं. त्या बिल्ल्यावरचा आकडा मी लिहिते."

"मग चोराच्या हाती काय लागणार? आकडे."

"आकड्यापुढे त्यांच्या गोष्टी आहेत, काका. ही मुलं एका छताखाली राहतात, एका टेबलावर जेवतात. आई शिक्षिका आणि धाकटा भाऊ आजारी, एवढं वाचलं तरी कोणाची गोष्ट आहे ते सगळ्यांना कळतं." त्यांनी टेबलावरच्या दोन बिल्ल्यांकडे बोट दाखवले. "सकाळपासून बातमी फुटली आहे. दोघं आली, हे ठेवलं आणि काही न बोलता निघून गेली."

फोरमननी खिशातून स्वतःच्या चाव्यांचा जुडगा काढला. पहिली चावी लागली नाही, दुसरी लागली नाही. तिसरीने कपाटाचे कुलूप सहज फिरले. ताई बघतच राहिल्या.

"ही माझ्या कार्यशाळेतल्या कपाटाची चावी. वसतिगृह बांधलं त्या वर्षी दीडशे कपाटं एकाच कारखान्यातून आली. कपाटं दीडशे, पण कुलपांचे प्रकार अवघे पाच. वसतिगृहातल्या दर पाचव्या खोलीतल्या चावीनं तुमचं हे कपाट उघडतं. मी तेव्हाच लेखी कळवलं होतं."

"मग?"

"मग काय, कळवलेलं नीट फाइलला लावलेलं आहे."

ताईंना साडेदहाला एका बैठकीला जायचे होते. फोरमननी कपाट पूर्ववत लावले आणि नवे कुलूप आणायला कार्यशाळेत गेले. साडेअकरा वाजता दोघे पुन्हा कक्षाच्या दाराशी भेटले. खोलीला कुलूप नसेच. येणाऱ्याला कोणाकडे चावी मागावी लागू नये, असा ताईंचा आग्रह होता. फोरमननी जुने कुलूप काढण्यासाठी कपाटाचे दार उघडले आणि त्यांचा हात तिथेच थबकला.

धुळीतल्या आयतावर, अगदी कडेला कड जुळवून, रजिस्टर ठेवलेले होते.

२

बाहेर व्हरांड्यात मावशी फरशी पुसत होत्या. फोरमननी त्यांना गाठले.

"मावशी, तासाभरात या खोलीत कोण आलं होतं?"

"कोण आलं नाही ते विचारा. दाराशेजारी पाण्याचं यंत्र लावलंय तुम्हीच. निम्मं कॉलेज इथं पाणी प्यायला येतं आणि माझ्या ओल्या फरशीवर नाचून जातं."

"वेगळं असं कोणी?"

"वेगळं कोण? ती मॉनिटर आली होती, ती तर रोजचीच. त्या बाकावर बसलेली असते कोणाला तरी घेऊन. आपला पैलवान येऊन गेला. तो चष्मेवाला पहिला नंबर, तोही घुटमळून गेला. अजून दहा-बारा सांगते, पण मग फरशी तुम्ही पुसा."

फोरमन मुकाट्याने आत आले. ताईंनी रजिस्टर टेबलावर ठेवले होते, पण उघडले नव्हते.

"काका, तुम्हाला बघायचं असेल तर मजकूर झाकून बघू द्यावं लागेल."

"मला मजकूर नकोच. मला बांधणी दाखवा."

ताईंनी कोऱ्या कागदांनी दोन्ही बाजूंचा मजकूर झाकला आणि पाने उलटली. फोरमननी चष्मा कपाळावर सरकवून भिंग डोळ्याला लावले. रजिस्टर म्हणजे दुमडलेल्या कागदांच्या जुड्या. प्रत्येक जुडीत आठ कागद, मधोमध दुमडले की सोळा पाने, आणि घडीतून एकसलग ओवलेला पांढरा दोरा. पहिल्या जुडीत पांढरा दोरा होता, दुसऱ्या जुडीतही होता. तिसऱ्या जुडीची घडी उघडताच ते आणखी खाली वाकले.

तिथे दोरा काळा होता. शिवाय तो सलग नव्हता. सात वेगवेगळे टाके होते, प्रत्येकाची स्वतंत्र गाठ आणि प्रत्येक गाठीची टोके सारखी कापलेली. फोरमननी पट्टी लावली. दोन टाक्यांमधले अंतर एक सेंटिमीटर. सातही टाक्यांत तेवढेच.

"पानं फाडून नेली," ताई पुटपुटल्या. "फाडली आणि परत शिवून ठेवलं."

फोरमन पाने मोजू लागले. एकदा मोजली. पुन्हा मोजली. मग बाजूच्या दोन जुड्या मोजल्या. सोळा, सोळा, आणि इथे…

"ताई, बांधणीत विषम आकडा येत नाही. कागद दुमडला की पानं दोनच होतात."

"म्हणजे एक पान गेलंय. पंधरा भरली ना?"

"सतरा भरली," फोरमन म्हणाले. "चोरानं काही नेलेलं नाही. तो ठेवून गेलाय."

३

ते पान ताईंनी एकटीने वाचले. फोरमन खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"अक्षर माझ्यासारखं काढलंय," अखेर ताई म्हणाल्या. "पण माझं नाही. या आकड्याचा बिल्ला घेऊन माझ्याकडे कोणीही आलेलं नाही."

"काय लिहिलंय?"

"ते नाही सांगणार."

"अहो, पण ते बनावट आहे."

"बनावट तारीख आहे, काका. बाकीचं बनावट वाटत नाही मला. कोणीतरी मला हे सांगितलंय. तोंडानं नाही, पानानं सांगितलं, एवढाच फरक. ते माझ्यापाशीच राहणार." त्यांनी रजिस्टर मिटले. "एवढं सांगते. मी मुलांच्या शब्दांत लिहिते. हे मात्र रुग्णाच्या कागदावर लिहितात तसं आहे. आधी वय, मग तक्रार, मग ती किती आठवड्यांपासून, मग झोप, मग भूक. स्वतःबद्दल असं लिहिलंय, जणू पलंगावर दुसरंच कोणी पडलंय. आणि वाचून मला त्या मुलाबद्दल भीती वाटते आहे."

"तारीख कोणती? तारीख तर कोणाचं गुपित नाही."

"दोन महिन्यांपूर्वीची. रोजच्या शेवटच्या नोंदीखाली मी रेघ मारते, म्हणून मध्ये कुठे जागा नव्हती. पान घालावंच लागलं असेल."

फोरमन व्हरांड्यात गेले. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेची आज कोणाला गरज पडावी? समोरच सूचनाफलक होता आणि त्यावर, नाकासमोर, उत्तर टाचलेले होते. सत्र परीक्षेला गैरहजर राहिलेल्यांचे फेरपरीक्षेचे अर्ज आज दुपारी चारपर्यंत घेतले जातील. मानसिक अस्वास्थ्य हे कारण असल्यास परीक्षेपूर्वी समुपदेशन घेतल्याचा बिल्ला क्रमांक लिहावा. समुपदेशकांच्या सहीने खातरजमा होईल. खोटी माहिती देणाऱ्याचे नाव महाविद्यालयातून कमी करण्यात येईल.

त्यांनी आत येऊन हे सांगितले तेव्हा ताई खुर्चीत मागे टेकल्या.

"चारला अर्ज माझ्यासमोर येणार. खरं लिहिलं तर ते मूल कॉलेजबाहेर, आणि आत्ताच्या अवस्थेत ते त्याला झेपणार नाही. खोटी सही केली तर माझ्या सहीला काही अर्थ उरणार नाही, मग पुढच्या मुलांसाठी मी ही खोली कशाच्या जोरावर चालवू?"

"आणि चारच्या आत ते मूल सापडलं तर?"

"अर्ज गेलाच नाही तर काहीच घडलेलं नाही. एक पान जास्त झालं, एवढंच."

फोरमननी घड्याळाकडे पाहिले. बारा वाजून वीस मिनिटे. मग त्यांनी सूनबाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात परिचारिका होत्या.

"काळा रेशमी दोरा, सात सुट्या गाठी, सारखी टोकं. काय म्हणशील?"

"बाबा, जेवलात का?"

"आधी गाठी."

"हे तर सुटे टाके. कातडीला घालतात. एक तुटला तरी बाकीचे धरून राहावेत म्हणून प्रत्येकाला वेगळी गाठ. कोणाला लागलंय?"

"रजिस्टराला."

"बाबा, डबा आधी खा."

४

गैरहजरांच्या यादीत तीनच जण होते आणि तिघेही अंतिम वर्षाचे, तिघेही वसतिगृहातले. फोरमन तिघांनाही ओळखत होते. पैलवान, स्कॉलर आणि मॉनिटर. सकाळी तिघेही या दाराशी येऊन गेल्याचे मावशींनी सांगितले होतेच. फोरमनच्या छातीत धडधडू लागले. अशी धडधड त्यांना बंद पडलेले यंत्र पहिल्यांदा कुरकुरते तेव्हाच होत असे.

पैलवान भोजनगृहात सापडला. सहा फुटांचा गडी, डाव्या हाताने चमचा धरून भाताशी झुंजत होता. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"काका, रजिस्टर मिळालं का?" फोरमन बसायच्या आतच त्याने विचारले.

"तुला कसली चिंता?"

"वा, माझी अख्खी गाथा आहे त्यात. दर बुधवारी जातो मी ताईंकडे."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या. पैलवानाने त्यांच्याकडे बघून चमचा हलवला. "ऐका, नीट ऐका. पैलवानाला रडू येतं. आता जेवा."

"परीक्षेला का नव्हतास?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी कुस्ती खेळलो. हा हात बघा, तीन आठवडे झाले, पुस्तकाचं पान उलटता येत नाही मला. दाखला जोडून अर्ज कधीच दिलाय."

"मनाचं कारण नाही लिहिलंस?"

"मनानं नाही मोडला काका हात, एका पहिल्या वर्षाच्या पोरानं मोडला. हे तुम्ही कोणाला सांगू नका." तो हसला आणि मग जरा गंभीर झाला. "पहिल्यांदा मला मॉनिटरनं नेलं होतं ताईंकडे. मी दारातून तीनदा परत फिरलो. ती बाकावर बसून राहिली, म्हणाली, चौथ्यांदा फिरलास तरी मी इथेच आहे."

त्या प्लास्टरमधल्या हाताने काळ्या रेशमाची एक गाठही मारता आली नसती, सातांची तर गोष्टच सोडा. फोरमन उठले. एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

स्कॉलरच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. खोली रिकामी. फोरमननी आत पाऊल टाकले आणि खुर्चीच्या हातावर त्यांची नजर खिळली. लाकडी हातावर गुंडाळलेल्या फोमच्या पट्टीत काळे रेशमी टाके होते, ओळीने वीस-पंचवीस, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ.

"काय शोधताय?" मागून आवाज आला.

५

स्कॉलर दारात उभा होता. चष्म्याआडचे डोळे लाल, ओठ आवळलेले. पहिल्या वर्षापासून पहिला नंबर न सोडलेला हा मुलगा कोणाशी चार वाक्ये बोलल्याचे कोणाला आठवत नसे.

"हे टाके तुझे?"

"मग काय खुर्चीचे? शस्त्रक्रिया विभागात नेमणूक आहे. सगळेच करतात. शेजारच्या खोलीत उशीला घातलेत एकानं." तो आत आला, पुस्तके उगाच सरळ केली. "रजिस्टर मिळालं का?"

"मिळालं."

त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला, की फोरमनना वाटले, आता हा कबूल करणार.

"आज चारपर्यंत अर्ज देणार आहेस?"

"नाही."

"नाही?"

स्कॉलरने खणातून एक पावती काढून पुढे धरली. पुढच्या सत्रात परीक्षेला बसण्यासाठी नावनोंदणी, गेल्या सोमवारची तारीख, कार्यालयाचा शिक्का. "सहा महिने थांबणार आहे. घरी सांगितलंय. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आईनं फोन केला आणि म्हणाली, झोप नीट."

"परीक्षेला ताप होता म्हणे तुला."

"ताप नव्हता." त्याने पावती परत खणात ठेवली. "प्रश्नपत्रिका हातात यायची आणि अक्षरं हलायची. ताईंकडे मी परीक्षेच्या आधीपासून जातोय. माझा बिल्ला खरा आहे, अर्ज दिला असता तर मिळालीही असती फेरपरीक्षा. पण दोन आठवड्यांत पुन्हा तेच झालं असतं. मॉनिटरनं समजावलं. रोज दारापर्यंत सोडायला यायची."

"दारापर्यंत?"

"आत कशाला येईल? तिला काय गरज?"

फोरमन जिना उतरू लागले, ते एकेक पायरी मोजत. तिघांतला एक लिहू शकत नाही, दुसऱ्याला ते पान नकोच होते. उरलेले नाव त्यांच्या मनाला मुळीच पटत नव्हते. यंत्र असते तर ते म्हणाले असते, मापात चूक असेल, पुन्हा मोजा.

६

मॉनिटर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पहिल्या वर्षाच्या चार मुलींकडून हाडांची नावे पाठ करून घेत होती. अंतिम वर्षाची वर्गप्रतिनिधी. तिच्या वहीत सगळ्यांच्या वाढदिवसांपासून सगळ्यांच्या रक्तगटांपर्यंत सगळे होते. फोरमनना पाहताच तिने मुलींना पिटाळले आणि पायरीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने झटकली.

"बसा काका. पाणी आणू? तुमचा चेहरा उतरलाय. आणि ताई कशा आहेत? सकाळपासून काही खाल्लं का त्यांनी?"

"बऱ्या आहेत. तू परीक्षेला नव्हतीस?"

"खालच्या वर्गातली एक मुलगी परीक्षेच्या दिवशी सकाळी चक्कर येऊन पडली. तिला अपघात विभागात घेऊन गेले, तिथेच वेळ गेला. माझं हे नेहमीचंच. आई म्हणते, तुला दुसऱ्यांच्या लग्नात स्वतःचं जेवण विसरायची सवय आहे."

"अपघात विभागाचा कागद जोडलास अर्जाला?"

"जोडणार आहे." ती हसली. हसणे छान होते, फक्त अर्ध्या क्षणाने उशिरा आले. "निघू? मला एका मुलीला ताईंकडे न्यायचंय तीनला."

ती निघून गेल्यावर फोरमन तिथेच बसून राहिले. पैलवानाने आल्या आल्या विचारले होते, रजिस्टर मिळालं का. स्कॉलरनेही विचारले होते. साऱ्या महाविद्यालयाच्या जिभेवर आज तेवढा एकच प्रश्न होता. हिने ताईंच्या जेवणाची चौकशी केली, पण रजिस्टराविषयी चकार शब्द काढला नाही.

पण न विचारलेला प्रश्न हा काही पुरावा नव्हे. मोजता येईल असे काहीतरी हवे होते. फोरमननी डोळे मिटून ते सतरावे पान आठवले. निळ्या रेघा, तिन्ही कडांना लाल रंग. बाकीच्या पानांसारखाच. म्हणजे ते त्याच खेपेतल्या दुसऱ्या एखाद्या रजिस्टरातून आले होते.

ते ताडकन उठले आणि साठीच्या माणसाला न शोभणाऱ्या वेगाने भांडाराकडे निघाले.

भांडारातला कारकून जेवणानंतरच्या गुंगीत होता. "लाल कडेची रजिस्टरं? या वर्षी सहाच वाटली. ग्रंथालय, भोजनगृह, शस्त्रक्रियागृह, अपघात विभाग, समुपदेशन…"

"पाच झाली."

"सहावं अंतिम वर्षाच्या हजेरीचं. वर्गप्रतिनिधीच्या सहीनं दिलंय."

हजेरीचे रजिस्टर व्याख्यानगृहातल्या टेबलावर पडलेले असे, कारण त्यात चोरण्यासारखे काही असते असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. फोरमननी ते उघडले. पहिली जुडी सोळा. दुसरी सोळा. तिसरी सोळा. शेवटची, कोऱ्या पानांची जुडी त्यांनी दोनदा मोजली.

पंधरा. आणि गेलेल्या पानाचा जोडीदार सुटा पडला होता, त्याला डिंकाने नीट, काळजीपूर्वक चिकटवून बसवले होते. ज्याला दुखावले त्याला तसेच टाकून जाणे तिला जमले नव्हते.

भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

७

ती कक्षाबाहेरच्या बाकावर होती. आत पहिल्या वर्षाची मुलगी गेलेली, दार लोटलेले. मांडीवर पाकीट, पाकिटावर दोन्ही हात. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कार्यालयाची खिडकी दिसत होती.

फोरमन शेजारी बसले.

"इथे सतरा भरली," ते म्हणाले. "हजेरीत पंधरा."

तिने पाकीट उलटे केले.

"नाव कोणाला सांगणार?"

"मला नाव कोणी विचारलंच नाही. मला कुलूप बदलायला बोलावलं होतं."

"काल संध्याकाळी घेतलं. सकाळी लवकर ठेवणार होते, पण ताई आठलाच आल्या. मग सगळीकडे बोभाटा झाला आणि माझी पाचावर धारण बसली." ती एका सुरात बोलत होती, रुग्णाची माहिती सांगावी तशी. "त्या दिवशी चक्कर कोणालाच आली नव्हती. अपघात विभागाच्या बाकावर मीच बसले होते दोन तास. कागद काढायला खिडकीपाशी तीनदा गेले. नाव विचारलं की परत यायचे."

"त्या पानावर जे लिहिलंस ते…"

"खरं आहे." पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "सगळं खरं आहे."

"मग पोरी, कपाट उघडायचं, पान काढायचं, शिवायचं, अक्षर गिरवायचं. एवढा खटाटोप कशाला? हे दार तर उघडंच असतं."

"कपाट कोणाकडे बघत नाही, काका." तिने नाक पुसले. "अकरा जणांना आणलंय मी इथे. प्रत्येकाला सांगितलं, यात लाजण्यासारखं काही नाही. मनापासून सांगितलं. फक्त ते त्यांच्यासाठी होतं. मॉनिटरच आत गेली तर बाकावर कोण बसणार?"

फोरमन बाकाच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिले.

"अर्ज दिला नाही तर सहा महिने मागे पडेन."

"पडशील."

"सगळे पुढे जातील."

"जातील."

"बाबांना काय सांगू?"

"ते मला माहीत नाही. मला यंत्रांतलं कळतं. आत बसल्या आहेत त्यांना कदाचित माहीत असेल."

दार उघडले. पहिल्या वर्षाची मुलगी बाहेर आली, डोळे सुजलेले पण खांदे सैल. मॉनिटर लगेच उठली, तिला पाणी भरून दिले, केसांवरून हात फिरवला, उद्या भेटू म्हणाली. ती मुलगी दिसेनाशी होईपर्यंत हसू तिच्या चेहऱ्यावर टिकले.

"शेवटची पाच मिनिटं," कार्यालयाच्या खिडकीतून कारकुनाने पुकारले. "कोणाचा अर्ज राहिलाय का?"

मॉनिटर वळली आणि खिडकीच्या दिशेने चालू लागली. एक पाऊल, दुसरे, तिसरे. फोरमननी बाकाची कड घट्ट धरली. ओरडून थांबवावे असे त्यांना वाटले; पण आजवर कोणालाही या दारातून हाताला धरून ओढत नेलेले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. चौथे पाऊल. पाचवे.

सहाव्या पावलाशी ती थांबली. पाठमोरीच होती. खांदे एकदा वर गेले, खाली आले.

मग ती परत फिरली. पाकिटाचे दोन तुकडे केले, चार केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि उघड्या दारावर, उगाचच, दोनदा टकटक केली.

"ये," आतून ताई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिले. चेहऱ्यावर आश्चर्य मुळीच नव्हते. होती ती एवढा वेळ अडवून धरलेली धाकधूक, आणि ती आता सैल होत होती. टेबलावर रजिस्टर उघडे होते. "बस. हे पान काढून टाकू का मी?"

मॉनिटर खुर्चीच्या कडेवर टेकली. काळ्या टाक्यांवरून तिने बोट फिरवले.

"नको," ती म्हणाली. "मजकूर बरोबर आहे. तारीख तेवढी चुकली आहे."

ताईंनी लेखणी तिच्यापुढे सरकवली. तिने दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेवर एक सरळ रेघ ओढली आणि तिच्या शेजारी, स्वतःच्या अक्षरात, आजची तारीख लिहिली. फोरमननी उठून हलकेच दार लोटून घेतले आणि ते बाकावर जाऊन बसले.